लपलेला जर

चन्नबसप्पा गुरुजींनी उदगीरच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूमिती शिकवली, आणि त्या एकतीस वर्षांत भूमितीपेक्षा 'जर' आणि 'तर'च जास्त शिकवले. नववीच्या पुस्तकात सशर्त विधानांना जेमतेम दोन पानं. गुरुजी ती दोन पानं तीन आठवडे पुरवत. 'जर' पासूनचा तुकडा पूर्वांग, 'तर' पासूनचा उत्तरांग. पूर्वांगाखाली एक रेघ, उत्तरांगाखाली दोन. रेघा ओढून ओढून पोरांची बोटं दुखायची, पण गुरुजींचं मन भरायचं नाही. पोरं पाठीमागं त्यांना 'जरतारी सर' म्हणत. हे नाव गुरुजींच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

त्यातही त्यांचा जीव होता तो लपलेल्या 'जर'वर. फळ्यावर ते 'पेरलं तर उगवेल' असं लिहीत आणि विचारत, "यात जर कुठं आहे?" पोरं म्हणत, "न्हाई सर." मग गुरुजी खडू हवेत नाचवत. "आहे! दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही. माणूस बोलताना जर गिळून टाकतो. आपण तो हुडकून काढायचा."

निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण खोड काही सुटली नाही. भाजीवाली म्हणाली, "ताजी हाय, घिऊन जावा," की हे म्हणत, "म्हणजे जर ताजी असेल तर घेऊन जावी. पण ताजी आहे हे कुठं सिद्ध झालं?" भाजीवाली मग त्यांना लांबून बघितलं की मेथीवर पोतं टाकायची. जित्याची खोड म्हणतात ती हीच. कुणाचं यात काही बिघडत नव्हतं, तोवर ठीक होतं.

बिघडलं ते मागच्या मार्चमध्ये, लातूरला.

गुरुजी मोतीबिंदू दाखवायला गेले होते. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात नंबराची वाट बघत बसलेले असताना एक तरुण साहेब घाईघाईनं आला आणि म्हणाला, "इथं कानडी येणारं कुणी आहे का?" गुरुजींनी मान वर केली, आणि साहेब जागच्या जागी थबकला. "सर! तुम्ही?"

तो नागसेन होता, गुरुजींचा विद्यार्थी, आता नायब तहसीलदार. आतल्या खोलीत देवणीची एक बाई शेवटच्या घटका मोजत होती. महादेवी नाव, वय सव्वीस. पिकावर फवारायचं औषध पोटात गेलेलं. तिचा जबाब घ्यायला नागसेन आला होता, डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याचं लिहूनही दिलं होतं. पण एरवी चांगलं मराठी बोलणारी ती बाई आता कानडीशिवाय एक शब्द बोलत नव्हती. मरणाच्या दारात माणूस आईच्या भाषेत शिरतं. गुरुजींच्या घरात पिढ्यान्पिढ्या कानडी, त्यामुळं नागसेननं त्यांचा हातच धरला.

खोलीत औषधाचा उग्र वास होता. बाई अगदी बारीक आवाजात बोलत होती, घसा पोळून गेलेला. गुरुजी तिच्या तोंडाशी वाकले. ती म्हणाली, "अवर औषध कोट्टर. नान उळ्यांगिल्ल."

'अवर' म्हणजे 'त्यांनी'. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा तो नवरा असू शकतो. नाहीतर कुणीही चार माणसं. 'औषध' तर औषधच, डॉक्टरच्या बाटलीतलंही औषध आणि शेताच्या डब्यातलंही औषध. 'नान उळ्यांगिल्ल', मी वाचणार नाही. राहिला मधला शब्द. गुरुजींच्या घरच्या कानडीत 'कोट्टर' म्हणजे 'दिलं तर', आणि 'कोट्टार', ट ला काना, म्हणजे 'दिलंय'. गुरुजींनी कान दिला होता, आणि काना त्यांना ऐकू आला नव्हता. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी विचारलं, "कोट्टर?" बाईनं डोळे मिटले आणि हो म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा हलवली.

"काय म्हणतात सर?" नागसेननं पेन सरसावून विचारलं.

"लपलेला जर आहे बघ," गुरुजी म्हणाले, आणि बाई समोर मरत असतानाही त्यांच्या आवाजात थोडी खुशी होती. हे त्यांना पुढं फार दिवस आठवणार होतं. "जर त्यांनी औषध दिलं, तर मी वाचणार नाही. दवाखान्याच्या औषधाला भ्यालीय ती."

"म्हणजे कुणी काही पाजलं, असं त्या म्हणत नाहीत?"

"सशर्त विधानात पूर्वांग घडलंय असं कधीच म्हटलेलं नसतं. विसरलास काय रे?"

"नाही सर," नागसेन म्हणाला, आणि त्यानं तसंच लिहिलं. खाली 'कानडीतून मराठीत बरोबर सांगितले आहे' अशी ओळ आली, तिच्याखाली गुरुजींनी आपली वळणदार सही केली. दीड तासानं बाई गेली. घरात फवारणीचं औषध काढ्याच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं, तिनं अंधारात चुकून घेतलं, असं पुढं ठरलं आणि प्रकरण मिटलं. व्हरांड्यात एक धिप्पाड माणूस गुरुजींच्या पाया पडला होता. तो तिचा नवरा, नागप्पा. देवणीत त्याचं खता-औषधांचं दुकान होतं.

या जानेवारीत एका सकाळी तोच नागप्पा उदगीरला गुरुजींच्या दारात उभा राहिला. पांढरीशुभ्र पँट, पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे.

"वळखलं का गुरुजी?"

"ओळखलं. या, बसा."

तो बसला आणि त्यानं घरभर नजर फिरवली. "एकलेच राहता?"

"मुलगा पुण्याला असतो. हिला जाऊन सहा वर्षं झाली."

"बरं हाय," नागप्पा म्हणाला. यात बरं काय, हे गुरुजींना कळलं नाही. मग त्यानं येण्याचं कारण काढलं. "पोरगी अडीच वर्षाची हाय गुरुजी. तिला आई पायजे. तिची मावशीच करून घ्यावी म्हणून राहिलो. आरती. परक्यापरीस मावशी बरी, न्हवं का?"

"विचार चांगला आहे."

"चांगला हाय, पर सासूबाई अडून बसल्यात. म्हणत्यात, माझ्या लेकीचे शेवटचे बोल ज्यांनी ऐकले, त्ये गुरुजी सोता येऊन सांगितले तर सुपारी फोडू. न्हाईतर न्हाई."

गुरुजींनी मनातल्या मनात एका तुकड्याखाली एक रेघ ओढली, दुसऱ्याखाली दोन. आपण स्वतः एका लग्नाचं पूर्वांग झालो, याची त्यांना गंमत वाटली. शिवाय कुणाला तरी अजून आपली गरज आहे हेही बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला एवढं पुरतं. त्यांनी विचारलं, "मी काय सांगायचं?"

"कागदावर हाय तेच. मराठीत सांगा म्हंजे समद्यांना कळंल."

कानडी घरात मराठी कशाला, हा प्रश्न गुरुजींच्या डोक्यात आला नाही असं नाही. आला, आणि बसायला जागा न मिळालेल्या पाव्हण्यासारखा तसाच निघून गेला. त्यांनी धोतर बदललं, टोपी घातली आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

सासुरवाडी होती बिजलवाडी, देगलूरच्या अंगाला, अगदी सीमेला टेकलेली. तिथं तीन राज्यांच्या तीन भाषा एकाच पारावर बसतात. जीप नागप्पा चालवत होता. मागं त्याचा चुलता किशनराव, आणि त्याच्या मांडीवर महादेवीची पोर, गिरिजा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरीच्या पेंढ्या रचलेल्या, मधूनमधून हरभरा. मग नागप्पानं समोर बघतच विचारलं, "तिचे कानडी बोल ध्यानात हायत का हो अजून?"

"शब्द न् शब्द," गुरुजी ऐटीत म्हणाले. "गणिताचा माणूस आहे मी."

नागप्पानं गिअर बदलला. दोन गावं मागं पडली. नंतर म्हणाला, "कशाला ध्यानात ठिवायचं गुरुजी. गेलेल्या माणसाचं."

गिरिजा तेवढ्यात जागी झाली आणि रडायला लागली. नागप्पानं मागं वळूनही बघितलं नाही. तो हळूच म्हणाला, "गप. न्हाईतर हितंच उतरवतो." पोर तिथल्या तिथं गप्प झाली. हुंदकासुद्धा अर्धाच राहिला. लहान पोरं धमकीनं अशी गप्प होत नाहीत. आधी थोडी आणखी रडतात, खरंच उतरवतोय का ते बघतात. हिनं बघितलं नाही. गुरुजींनी चोरून मागं पाहिलं. किशनराव खिडकीबाहेर बघत होते. गुरुजींना उगीचच घरी परत जावंसं वाटलं.

जीप बिजलवाडीत शिरली. गावाच्या कडेला नागप्पाच्या सासूचं, रत्नम्माचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात सतरंजी अंथरलेली. गावातली चार-पाच जाणती माणसं आधीच येऊन बसली होती. दारात एक वीस-एकवीसची पोरगी घागर घेऊन उभी होती. जीप बघताच ती आत तोंड करून ओरडली, "अव्वा, बीगर बंदर!"

गुरुजींचा एक पाय जीपमध्ये होता, एक जमिनीवर. तसेच ते थांबले. अव्वा म्हणजे आई, बीगर म्हणजे व्याही-पाव्हणे. बंदर म्हणजे 'आले तर'. पाव्हणे आले तर... तर काय? एकतीस वर्षांच्या सवयीनं ते उत्तरांगाची वाट बघत राहिले. उत्तरांग काही आलं नाही. आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "बंदर?" पोरगी म्हणाली, "हां, बंदर," आणि घागर घेऊन आत गेली.

"उतरा की गुरुजी," किशनराव मागून म्हणाले.

गुरुजी उतरले. त्यांच्या डोक्यात काहीतरी सुटं झालं होतं आणि ते पुन्हा जागेवर बसेना. पोरगी पायावर घालायला पाणी घेऊन आली. हीच आरती. मोठ्या बहिणीचीच जिवणी, तशीच बारीक हनुवटी. पायावर पाणी पडत असताना गुरुजींनी हळू आवाजात विचारलं, "पोरी, 'पाव्हणे आलेत' हे तुम्ही कसं म्हणता?"

"आता म्हन्ले की. बंदर."

"आमच्याकडं बंदार म्हणतात."

"तुम्ही उदगीरवाले लांबवून बोलता. आमच्यात तसलं न्हाई," आरती हसून म्हणाली. "आमची भाषा समद्यांना गावंढळच वाटती."

"मग 'पाव्हणे आले तर' कसं म्हणता?"

"बंद्रे."

"आणि 'दिलं तर'?"

"कोट्रे."

गुरुजींनी शेवटचा प्रश्न विचारला. "आणि 'दिलंय'?"

"कोट्टर," आरती म्हणाली, आणि पाणी संपलं म्हणून आत गेली.

गुरुजी ओल्या पायांनी तिथंच उभे राहिले. म्हणजे जर नव्हताच. दोन वाक्यं होती, दोन्ही सरळ, दोन्ही पुरी. त्यांनी औषध दिलंय. मी वाचणार नाही. एकाचा दुसऱ्याला धागा नव्हता, तो आपण बांधला. आणि आपण विचारलं तेव्हा तिनं मान हलवली होती, एकदा नाही, दोनदा. 'दिलं तर?' असं विचारल्यावर कुणी हो म्हणून मान हलवतं का? नववीतलं ढ पोरगंसुद्धा विचारेल, सर, हो म्हणजे काय हो? तिनं 'दिलंय का?' या प्रश्नाला हो म्हटलं होतं. घशात आग असताना, उरलेला सगळा जीव मानेत आणून. आणि आपण तिच्या अंगावरून वाकून शिष्याला पूर्वांग समजावत होतो.

इतिहासात ध चा मा करणारे होऊन गेले, पण त्यांनी निदान मुद्दाम केला होता. आपण तर हुशारीच्या तोऱ्यात केला. गुरुजींना स्वतःची किळस आली.

"गुरुजी, बसून घ्या," नागप्पानं हाक मारली. सतरंजीवर त्यानं आपल्या शेजारीच त्यांची जागा धरली होती. गिरिजा आता त्याच्या मांडीवर होती, हातात दिलेलं बिस्कीट न खाता धरून. समोर ताटात हळद-कुंकू, पानं, खारका आणि आख्खी सुपारी. ही सुपारी फुटली की शब्द पक्का. त्यानंतर माघार घेणं म्हणजे गावात तोंड काळं करणं.

रत्नम्मा दाराच्या चौकटीला टेकून बसली. साठीची, काडीसारखी बाई. तिनं गुरुजींना नमस्कार केला आणि किती वेळ नुसतं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. लेकीनं शेवटी ज्याच्याकडं पाहिलं, तो चेहरा ती बघत होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "मला दवाखान्यात वेळंवर पोचता आलं न्हाई. लोकांनी कागद वाचून दाखविला, पर कागदाचं काय. एक लेक गेली, दुसरी त्याच घरात दिऊन राहिले. नातीसाठी दिऊन राहिले. तुमी ऐकलंत ते तुमच्या तोंडानं सांगा, म्हंजे माझा जीव थाऱ्यावर यील."

"सांगत्यात की," नागप्पा म्हणाला. त्यानं आपला रुंद हात गुरुजींच्या गुडघ्यावर ठेवला. प्रेमानं ठेवावा तसा, पण उचलला नाही. "सांगा गुरुजी. मराठीत."

आता कुठं तो मघाचा प्रश्न परत आला आणि चांगला मांडी घालून बसला. या अंगणात मराठी कुणाला हवी होती? जाणती माणसं कानडीत कुजबुजत होती, रत्नम्मा मोडकं मराठी बोलत होती ती पाव्हण्यांसाठी. मराठी हवी होती फक्त नागप्पाला. त्यानं देवणीत सात वर्षं संसार केला होता या गावच्या बाईबरोबर. 'कोट्टर' म्हणजे काय, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक असणार. व्हरांड्यात जबाबाचा कागद वाचून दाखवला, तेव्हा तो पाया पडला होता, ते काही उगीच नाही.

कुणीही भला माणूस म्हणेल की इथं विचार कसला करायचा. पण भला माणूस सत्तरीचा नसतो आणि त्याच्या गुडघ्यावर तो हात नसतो. जर बोललो, तर हे लोक म्हणतील तेव्हा खोटं की आता खोटं? जर बोललो, तर सही केलेल्या कागदाचं काय? जर बोललो आणि कुणी ऐकलंच नाही, तर आपण परत कसे जाणार? जर माझंच आता चुकत असेल, तर एका बापाला लेकीपासून तोडल्याचं पाप कुणाचं? एकामागून एक जर निघत होते, आणि गुरुजींना एकाएकी लाज वाटली. बाई सरळ बोलून मेली होती आणि आपल्याला जिवंतपणी सरळ बोलता येत नव्हतं.

"काय झालं गुरुजी?" रत्नम्मानं विचारलं.

आत, दारामागं, आरती नवं लुगडं नेसून उभी होती. बोलावणं येण्याची वाट बघत होती.

गुरुजींनी डोळे मिटले. मग त्यांनी मराठीत काहीच सांगितलं नाही. ते वाक्य जसं ऐकलं होतं तसंच, काना न लावता, तितक्याच हळू, त्यांनी म्हटलं, "अवर औषध कोट्टर. नान उळ्यांगिल्ल."

अंगणातली कुजबुज थांबली. गुडघ्यावरच्या हाताची बोटं मांसात रुतली.

"कोट्टर?" रत्नम्मानं विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"हो. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं मान हलवली."

"मग कागदात 'जर' हाय, 'दिलं तर' हाय. त्यो जर कुणाचा?"

"माझा," गुरुजी म्हणाले. "तिनं म्हटला नव्हता. मी घातला."

रत्नम्मानं छाती बडवली नाही की टाहो फोडला नाही. ती नुसती हळूहळू पुढं वाकली आणि तिनं कपाळ जमिनीला टेकलं. तशीच राहिली. दहा महिने त्या एका शब्दाच्या आधारानं ती बाई जेवली होती, झोपली होती, तिनं जावयाला जेवायला वाढलं होतं. गुरुजींना तिच्याकडं बघवेना.

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," नागप्पा उठत म्हणाला. आवाज अजून मऊच होता. "सरकारी कागदावर सही हाय ह्याची. आता कानडी शिकवून राहिलाय."

"कानडी आमाला येतं की," जाणत्यांपैकी एक जण सतरंजीकडं बघत पुटपुटला. त्यानंतर एकेकाला आपापली कामं आठवायला लागली. कुणाची मोटर चालू राहिली होती, कुणाच्या घरी पाव्हणे यायचे होते. पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. किशनराव जीपमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी काच वर केली. गाव असंच असतं. खरं ऐकायला चौघं येतात, खऱ्याबरोबर थांबायला कुणी नसतं.

आरती बाहेर आली. अंगावर नवं लुगडं, डोक्यावर पदर नाही. ती सरळ नागप्पाच्या पुढ्यात गेली. गिरिजा सतरंजीवर त्याच्या पायाशी बसली होती. आरतीनं तिला उचललं, एक शब्द न बोलता. नागप्पानं हात पुढं केला तेव्हा ती आधीच वळली होती. वाटेत तिनं आईला दंडाला धरून उठवलं, दोघींना घेऊन आत गेली, आणि दाराला आतून कडी लागली.

अंगणात गुरुजी आणि नागप्पा, दोघंच राहिले.

गुरुजींनी खिशातून फोन काढला. नागसेनचं नाव सापडायला वेळ लागला. नागप्पा बघत होता, पण त्यानं अडवलं नाही.

"नागसेन, मी बोलतोय. त्या देवणीच्या बाईच्या जबाबात मी चूक केली आहे. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं. म्हणजे 'त्यांनी' म्हणाली. औषध त्यांनी दिलंय, असं म्हणाली."

मग नागसेन म्हणाला, "सर, जर हे खरं असेल, तर—"

"जर नाही रे. जर नाहीच."

"तुमच्यावरही येईल सर हे."

"येऊ दे. लिहून घे. मी बिजलवाडीत आहे, तो इथंच आहे, आणि घरात दोन बाया आणि ती पोर आहे."

"मी ठाण्याला कळवतो. पण सर, गाडी पोचायला दोन तास तरी जातील. तोवर तुम्ही—" आणि रेंज गेली.

नागप्पानं सगळं ऐकलं होतं. तो धावून आला नाही, ओरडलाही नाही. त्यानं भिंतीशी उभी केलेली बाज आडवी केली, दाराच्या समोर ओढली आणि तिच्यावर ऐसपैस बसला. खिशातून तंबाखूची डबी काढली. आतून गिरिजाचा रडण्याचा आवाज आला. ती "अप्पा, अप्पा" म्हणून रडत होती. लेकरू शेवटी, दुसऱ्या कुणाला हाक मारणार? आरती तिला गप्प करत होती, पण ती गप्प होत नव्हती. इथं तिला कुणी उतरवणार नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच पोटभर रडत होती.

"ऐकलं का गुरुजी," नागप्पा तंबाखू मळत म्हणाला. "मला काय घाई न्हाई. घरात दूध न्हाई, दूध जीपमधी हाय. पोरीला भूक लागली की दार उघडंल."

गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं. मग जीपकडं बघितलं. किशनरावांनी मान फिरवली. दोन तास, नागसेन म्हणाला होता. ऊन अजून अंगणाच्या निम्म्यावरही आलं नव्हतं.

गुरुजी सतरंजीवरून उठले. गुडघा दुखत होता, मघाच्या बोटांचे वळ उमटले असणार. ते जीपपाशी गेले, त्यांनी काचेवर टकटक केलं आणि हात पुढं केला. किशनरावांनी आधी नागप्पाकडं पाहिलं, मग गुरुजींकडं. बऱ्याच वेळानं काच वितभर खाली आली आणि त्या फटीतून दुधाची बाटली बाहेर आली.

ती घेऊन गुरुजी अंगण ओलांडून दारापाशी आले. ते बाजेला वळसा घालत असताना नागप्पा गालातल्या गालात हसला, आणि तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. बाटली आत द्यायची, तरी कडी काढावीच लागणार होती.

आत पोर रडतच होती. बाटली कोमट होती. गुरुजी ती दोन्ही हातांत धरून उंबऱ्यावर, दाराला पाठ लावून, बसून राहिले.